भोसरी ते सांगवी

पुण्याजवळ भोसरीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षापासून तिथल्या डॉक्टरांनी शहरातल्या गुप्तरोग तपासणी केंद्रांत येणाऱ्या स्त्रियांची एचआयव्हीसाठी तपासणी सुरू केली. त्या काळी एचआयव्ही म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बुधवार पेठेतली देहविक्रयाची वस्ती यायची, ट्रकचालक यायचे. आपल्या घरात तो येईल असं कुणाच्या मनातही नसायचं. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तपासणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. अभ्यासात देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रिया होत्या. बहुतेक जणी विवाहित होत्या आणि नवऱ्याखेरीज कुणाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. तरीही त्यांतल्या १३.६ टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती.

या स्त्रिया काही ना काही त्रास होत होता म्हणून दवाखान्यात आल्या होत्या, त्यामुळे हा आकडा सगळ्या विवाहित स्त्रियांना लावता येणार नाही. पण त्यातून पुढे आलेली गोष्ट साधी आणि दुखरी होती. ‘आपण नीट वागतो, आपल्याला काही होणार नाही’ एवढ्या भरवशावर राहून चालत नाही. वागणं एकाचं असतं आणि लागण दुसऱ्याला होते.

सांगवी हे बारामती-फलटण रस्त्यावरचं नीरेकाठचं बागायती गाव. पुणं इथून शंभरेक किलोमीटरवर आहे. एचआयव्हीबद्दल आज जगभर जे उपचार आणि सल्ले दिले जातात, त्यांतले काही पुणे जिल्ह्यात सिद्ध झाले आहेत, याची नीरेकाठच्या गावांत कितीशी चर्चा होते? इथे अजूनही ‘तसला आजार’ असं हळू आवाजात म्हटलं जातं. माणूस बारीक झाला की कुजबुज सुरू होते आणि तो गेल्यावर ती त्याच्या बायकोकडे वळते. औषध पोहोचलं, पण त्यासोबतची माहिती वाटेतच राहिली. ती माहिती इथे सविस्तर दिली आहे.

हंगाम सुरू झाला की

दिवाळीच्या सुमारास या भागाचं रूप बदलतं. माळेगाव, सोमेश्वरनगर आणि इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरच्या साखर कारखान्यांच्या चिमण्या धूर ओकू लागतात. बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. गावाबाहेर त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, पाच-सहा महिने हजारो माणसं घरापासून लांब राहतात. नवरा-बायकोचा कोयता असेल तर दोघं सोबत असतात, पण ट्रॅक्टरचालक, टायरगाडीवाले, वाहतूकदार, एमआयडीसीत खोली करून राहणारी तरुण मुलं ही बरीचशी एकटी असतात. घरापासून लांब, हातात थोडा पैसा आणि विचारणारं कुणी नाही, अशा परिस्थितीत एचआयव्हीचा धोका वाढतो. म्हणूनच स्थलांतरित कामगार आणि ट्रकचालक यांच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमात वेगळी कामं आखलेली आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. यावरून ऊसतोड मजुरांनी हा आजार गावात आणला, असा अर्थ कुणी काढू नये. धोका परिस्थितीत असतो. त्या परिस्थितीत सांगवीचा मुलगा हिंजवडीला किंवा मुंबईला असतो, तेव्हा तोही तितकाच असुरक्षित असतो. विषाणूला जिल्हा कळत नाही आणि जातही कळत नाही. मजुरांच्या कोप्यांकडे बोट दाखवणाऱ्या गावाचं स्वतःच्या उंबऱ्याच्या आतल्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं. पुण्याच्या त्या ३९१ स्त्रियांनी हेच शिकवलं होतं.

लागण होते ती अशी

एचआयव्ही चारच वाटांनी येतो. निरोध न वापरता केलेल्या लैंगिक संबंधातून, लागण असलेल्या रक्तातून, दुसऱ्यासाठी वापरलेल्या सुईतून, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. एका ताटात जेवल्याने, एका हंड्यातलं पाणी प्यायल्याने, एकाच विहिरीत पोहल्याने, डास चावल्याने, मिठी मारल्याने, बाळाचा पापा घेतल्याने तो येत नाही. शौचालय किंवा कपडे सामाईक असले तरी येत नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार तग धरत नाही.

निरोध प्रत्येक वेळी, नीट, सुरुवातीपासून वापरला तर लैंगिक संबंधातून होणारी लागण मोठ्या प्रमाणात टळते. सरकारी आरोग्य केंद्रांत तो मोफत मिळतो. मेडिकलमध्ये मागायला लाज वाटत असेल तर आशाताईंकडे मागता येतो. गुप्तांगावर फोड किंवा जखम असेल, लघवीला जळजळ होत असेल, अंगावरून वास येणारा स्राव जात असेल, तर तो गुप्तरोग असू शकतो आणि अशा जखमेतून एचआयव्हीला शिरायला सोपी वाट मिळते. पुष्कळ माणसं अशा वेळी एसटी स्टँडवर चिकटवलेल्या जाहिरातीतल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे जातात. तिथे पैसे जातात आणि आजार राहतो. सरकारी दवाखान्यात याची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि नवरा-बायको दोघांनी एकदम उपचार घेतले नाहीत तर आजार पुन्हा पुन्हा उलटतो.

सुईबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडे इंजेक्शन घेतल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. अंग दुखलं की सलाईन, थकवा आला की सुई. २०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ भागात, डझनावारी लोकांना एचआयव्ही असल्याचं उघड झालं. एकच सुई अनेकांना वापरणाऱ्या बोगस डॉक्टरवर संशय होता. पुढच्या वर्षी पाकिस्तानातल्या रातोदेरो गावात शेकडो लहान मुलं बाधित सापडली आणि तिथेही पुन्हा वापरलेल्या सुयांकडे बोट गेलं. नवी, सीलबंद सिरिंज आपल्या डोळ्यांदेखत फोडायला सांगणं हा उद्धटपणा नाही. जत्रेत गोंदवून घेतानाही सुई नवीच हवी. रक्त चढवायची वेळ आली तर ते परवानाधारक रक्तपेढीचंच घ्यावं, तिथे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही तपासणी कायद्याने सक्तीची आहे. दाढीच्या दुकानातून एचआयव्ही पसरण्याची शक्यता नगण्य आहे, पण नवं ब्लेड मागावं, कारण रक्तातून पसरणारे दुसरेही आजार आहेत.

आणि एखादी आणीबाणीची वेळ आली तर? दवाखान्यात काम करताना सुई टोचली, एखाद्या स्त्रीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाला, अशा वेळी एचआयव्ही अंगात मूळ धरण्याआधीच रोखणारी औषधं मिळतात. ती शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ७२ तास म्हणजे तीन दिवस. गावात आधी पंचांना विचारू, मग मामाला बोलावू, मग ठरवू, असं करण्यात हे तीन दिवस सहज निघून जातात. पोलिसांत तक्रार करायची की नाही हे ठरायच्या आधीही सरकारी रुग्णालय गाठता येतं, आणि रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. निरोध फाटला किंवा दुसरा काही धोका झाला असं वाटत असेल, तरी घरी बसून काळजी करत राहण्यापेक्षा त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं आणि औषध लागेल का हे त्यांना ठरवू द्यावं.

तपासणीला जाताना

पुष्कळांना तपासणीची भीती सुईची नसते, तर तिथे कोण भेटेल याची असते. बारामतीच्या सरकारी दवाखान्यात गेलं तर गावातलं कुणीतरी दिसणारच. म्हणून आधी काही गोष्टी माहीत असाव्यात. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते. गावपातळीवर बोटातून थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक तपासणी करता येते आणि त्यात शंका आली तर पुढच्या केंद्रात पाठवतात. एका चाचणीवरून कुणालाही ‘पॉझिटिव्ह’ ठरवलं जात नाही, त्यासाठी तीन वेगवेगळ्या चाचण्या होतात. आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात, आणि निकाल हाती देताना पुन्हा बोलतात. निकाल त्या व्यक्तीलाच सांगितला जातो. शेजारच्या गावाऐवजी पुण्याला किंवा फलटणला जाऊन तपासणी केली तरी चालते, त्यात काही गैर नाही.

लागण झाल्यावर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण रक्तात प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून धोका घडून तीन महिने झाल्यावर तपासणी पुन्हा करायची असते. या मधल्या काळात निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही. तपासणी फुकटात होईल म्हणून रक्तदान शिबिराला जाणारे काही जण असतात, त्यांनी हे कटाक्षाने टाळावं.

कुठे जावं, काय विचारावं हे कळत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो टोलफ्री आहे, मराठीत बोलता येतं आणि स्वतःचं नाव सांगावं लागत नाही. जवळचं चाचणी केंद्र, एचआयव्हीची औषधं देणारं जवळचं एआरटी केंद्र, गरोदरपण, लग्न, काहीही विचारता येतं.

लग्नाआधी मुला-मुलीने एकमेकांच्या संमतीने तपासणी करून घेणं ही चांगली गोष्ट आहे. पत्रिका जुळवायला दोन घरं जमतात, तेव्हा हेही बोलता येईल. मात्र संमती हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. मुलीच्या एकटीच्या रक्ताचा रिपोर्ट मागायचा आणि मुलाचा विषय काढला की रागवायचं, याला खबरदारी म्हणत नाहीत.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर

पहिले काही दिवस वाईट जातात. ते जाऊ द्यावेत. पण त्या दिवसांत एक गोष्ट माहीत असावी, की आज एचआयव्ही असलेला माणूस वेळेवर उपचार सुरू करून नियमित औषध घेत असेल तर तो जवळपास इतरांइतकंच आयुष्य जगतो. रक्तदाब किंवा मधुमेहासारखा हा आयुष्यभर सांभाळायचा आजार झाला आहे. भारतात सरकारी केंद्रांतून मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली आणि पहिल्या काही राज्यांत महाराष्ट्रही होता. सुरुवातीला पांढऱ्या पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय औषध सुरू होत नसे. २०१७ पासून ती अट गेली. निदान झालं की औषध सुरू, हा आता नियम आहे. बहुतेक प्रौढांना आता दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. त्या एका गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं असतात.

आता पुण्याची दुसरी गोष्ट. २०११ मध्ये एचपीटीएन ०५२ नावाच्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. नऊ देशांतली १,७६३ जोडपी त्यात होती, एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही अशी. भोसरीची संस्था या अभ्यासाचं एक केंद्र होती. चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या संस्थेतही तो झाला. या सुनीती सोलोमन म्हणजे चेन्नईतल्या गायतोंडे या मराठी घराण्यातल्या. १९८६ मध्ये भारतातला एचआयव्हीचा पहिला पुरावा त्यांच्या आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांच्या कामातून पुढे आला होता. तर अभ्यासात दिसलं ते असं, की बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. नंतरच्या संशोधनाने यापुढचं पाऊल टाकलं. नियमित औषधाने रक्तातला विषाणू इतका कमी झाला की चाचणीत सापडतच नाही, तर अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते.

हे वाक्य प्रत्येक बाधित नवऱ्याला आणि बायकोला माहीत असायला हवं, कारण त्याने संसार वाचतात. विषाणू सापडत नाही हे कळायला व्हायरल लोड नावाची तपासणी लागते. औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा ती सरकारी केंद्रात मोफत होते. तारीख चुकवू नये. ‘बरं वाटतंय’ म्हणजे विषाणू दबलाय असं नाही, ते तपासणीच सांगू शकते.

गोळीबद्दल काही अनुभवाच्या गोष्टी. रोज एकाच वेळी घ्यावी, रात्री जेवणानंतर किंवा सकाळी धार काढून झाल्यावर, ज्याला जी वेळ लक्षात राहते ती. राहून गेली तर आठवल्याबरोबर घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. या गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताच्या औषधांसोबत घेतलं तर नीट शोषलं जात नाही. गरोदर बायकांना आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्यामुळे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. एचआयव्हीची गोळी या औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यावी, आणि काही अडचण असेल तर केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावं. क्षयरोगाची औषधं सुरू झाली तर एचआयव्हीच्या औषधाचा डोस बदलावा लागतो, तेही डॉक्टर ठरवतात. म्हणून दोन ठिकाणी उपचार चालू असतील तर दोन्हीकडे दोन्ही सांगणं गरजेचं आहे.

ऊसतोडीला, नोकरीला किंवा माहेरी लांब जाणाऱ्यांनी निघायच्या आधी एआरटी केंद्रात सांगावं. प्रकृती स्थिर असेल तर एकदम जास्त दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात, आणि मुक्काम मोठा असेल तर उपचार दुसऱ्या केंद्रात बदलून घेता येतो. उपचाराची पुस्तिका सोबत ठेवावी. बीडहून सांगवीच्या फडात आलेल्या जोडप्याला बारामतीत औषध मिळावं, हा त्यांचा हक्क आहे. मुकादमाला कारण सांगायची गरज नाही. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर करत पंढरीला जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्यानेही पडशीत गोळ्या मोजून घेतल्या की वारी आणि उपचार दोन्ही सुरू राहतात. गोळ्यांच्या डबीचा खुळखुळाट लोकांना ऐकू जाईल याची भीती वाटते, असं बरेच जण सांगतात. डबीत थोडा कापूस घातला की आवाज होत नाही.

क्षयरोग हा एचआयव्हीचा सगळ्यात घातक साथीदार. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं यातलं एकही लक्षण दिसलं तर लगेच तपासावं. क्षयरोग होऊच नये म्हणून प्रतिबंधक गोळ्याही मिळतात, केंद्रात स्वतःहून विचारावं. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सहापट असते, आणि याबद्दल फार कमी जणींना माहीत असतं. वेळेवर तपासणी केली तर तो आधीच पकडता येतो.

जेवणाचं वेगळं पथ्य नाही. बाजरी-ज्वारीची भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, अंडी, दूध, पालेभाजी एवढं रोज पोटात गेलं तर महागड्या पावडरींची गरज पडत नाही. पाणी उकळून किंवा शुद्ध केलेलं. दारूचं मात्र गोळीशी वैर आहे, कारण दारू प्यायलेला माणूस पहिल्यांदा गोळी विसरतो. आणि ‘तीन महिन्यांत एचआयव्ही बरा’ असं सांगणारा कुणीही, मग तो वैद्य असो, भगत असो की इंटरनेटवरचा, खोटं सांगत असतो. त्याच्या नादी लागून औषध बंद केलेली माणसं पुन्हा आजारी पडून दवाखान्यात येतात, आणि तोवर विषाणू औषधाला दाद देईनासा झालेला असू शकतो.

आई आणि बाळ

पुण्याची तिसरी गोष्ट ससूनच्या आवारातल्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयातली. आईच्या दुधातून बाळाला होणारी लागण कशी टाळायची हा गरीब देशांपुढचा फार कठीण प्रश्न होता. दूध तोडावं तर बाळ जुलाबाने दगावतं, पाजावं तर एचआयव्हीची भीती. बै. जी. आणि अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मिळून पुण्यात, आणि त्याच वेळी इथिओपिया व युगांडातही, बाळाला सहा आठवडे नेव्हिरापिनचं पातळ औषध रोज देऊन पाहिलं. त्याने पहिल्या आठवड्यांतली लागण कमी होते असं २००८ मध्ये जाहीर झालं. बाळांना औषधाच्या संरक्षणाखाली अंगावर पाजण्याची आजची पद्धत अशाच अभ्यासांवर उभी आहे.

काहीच उपचार केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईने गरोदरपणात गोळी नियमित घेतली, बाळंतपण दवाखान्यात झालं आणि बाळाला औषध दिलं तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. यासाठी प्रत्येक गरोदर बाईची पहिल्या तीन महिन्यांतच एचआयव्ही तपासणी व्हावी, आणि नवऱ्याचीही. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर होते. पुढे काही तपासण्या होऊन १८ महिन्यांनी पक्का निकाल कळतो. पहिले सहा महिने अंगावरचंच दूध द्यावं, मध्येच वरचं दूध सुरू करून दोन्ही मिसळू नये. आजीने मधाचं बोट चाटवणं याही बाबतीत टाळलेलं बरं.

कायदा बाजूने आहे

१९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा नावाच्या एका तरुणाला पोलिसांनी उचललं. गुन्हा काही नव्हता. रक्तदान केल्यावर त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं होतं. म्हापशातल्या जुन्या क्षय रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. पुढे त्यानेच बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली आणि १९९२ मध्ये तो गेला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचं प्रकरण आलं. केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला कायम नोकरी नाकारली होती. माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना खरा धोका नसेल, तर नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. त्या कामगाराचं नाव उघड होऊ नये म्हणून निकालात फक्त अक्षरं वापरली आहेत.

आज हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याची खोली यांपैकी कुठेही एचआयव्हीवरून भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कुणाची स्थिती त्याच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही. आणि बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. हा शेवटचा मुद्दा व्हॉट्सॲप गटात फोटो आणि नाव टाकणाऱ्यांनी वाचावा. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, आणि वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात, तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. कारखाने आणि मोठ्या डेअऱ्या त्यात येतात. नवऱ्यामागे सासरच्यांनी बाधित बायकोला घराबाहेर काढलं तरी जमिनीतला तिचा वारसाहक्क जात नाही. तलाठ्याकडे वारसनोंद करून घेणं हे औषधाइतकंच तातडीचं काम आहे, ते दुःख ओसरेपर्यंत थांबवू नये.

संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे, अर्ज तहसील कार्यालयात होतो. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. एआरटी केंद्रात जाण्या-येण्याच्या एसटी सवलतीबद्दलही तिथल्या समुपदेशकांना विचारावं.

गावाने करायचं काम

सांगलीत मीना शेषू यांनी १९९२ मध्ये संग्राम ही संस्था सुरू केली. निरोध वाटायला त्यांनी बाहेरून कार्यकर्ते आणले नाहीत, वस्तीतल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांनाच पुढे केलं. त्या एकमेकींना समजावू लागल्या आणि १९९६ मध्ये त्यांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन केली. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्यानेच बोललं की ऐकलं जातं, हे त्यांच्या कामातून दिसलं. सांगवीसारख्या गावातही भाषण द्यायला पुण्याहून डॉक्टर बोलावण्यापेक्षा एआरटी घेत दहा-पंधरा वर्षं ठणठणीत जगणाऱ्या, स्वतःहून बोलायला तयार असलेल्या माणसाला बोलावणं जास्त उपयोगी पडेल. अशा व्यक्तींच्या संघटना महाराष्ट्रात आहेत, आणि जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कक्षातून त्यांच्याशी संपर्क होऊ शकतो. बचत गटाची बैठक ही त्यासाठी सगळ्यात चांगली जागा. तिथे बायका प्रश्न विचारतात. ग्रामसभेत विचारत नाहीत.

शाळेचा विषय हळवा आहे. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी सेवालय उभं केलं. सुरुवातीला गावाने कडवा विरोध केला आणि आपल्या मुलांसोबत या मुलांना वर्गात बसू द्यायला पालक तयार नव्हते. ती मुलं पुढे मोठी झाली, शिकली, काहींची लग्नं झाली. इंदापूरच्या पलीकडे पंढरपुरात मंगलताई शहा यांची पालवी ही अशीच संस्था आहे, पुण्याजवळ विजयाताई लवाटे यांनी सुरू केलेलं मानव्य आहे. पण अनाथ मुलाला संस्थेत पाठवण्याआधी त्याचे काका, मामा, आजी त्याला सांभाळू शकतील का हे गावाने पाहावं. औषध रोज वेळेवर देणारं एक माणूस घरात असलं की मूल घरी वाढू शकतं. शिक्षकांना त्याच्या आजाराबद्दल सांगायचंच असं नाही, सांगितलं तर ते त्यांच्यापाशीच राहायला हवं.

आणि हंगामाची तयारी. टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरातच सरपंच, आशाताई, आरोग्य केंद्राचे कर्मचारी, कारखान्याचे शेतकी अधिकारी आणि दोन-तीन मुकादम यांची एक बैठक घ्यावी. मजूर पहाटे फडात जातात आणि अंधार पडल्यावर कोप्यांवर परततात, त्यामुळे दुपारचं शिबिर त्यांच्या कामाचं नाही. संध्याकाळी सातनंतर कोप्यांवर जाऊन क्षयरोग, रक्तदाब, रक्तक्षय आणि एचआयव्ही या सगळ्यांची तपासणी एकत्र ठेवली तर एचआयव्हीसाठी कोण आलं हे कुणाला कळत नाही. गरोदर बायकांची नावं पहिल्याच आठवड्यात नोंदवून घ्यावीत. निरोधाची पेटी मुकादमाच्या झोपडीत न ठेवता कोप्यांच्या कडेला, कुणालाही न विचारता घेता येईल अशा जागी टांगावी, आणि ती भरायची जबाबदारी कुणाची हे त्याच बैठकीत ठरवावं.